भूखंडाचा भाग घेऊन घर बांधणे : कोथरूड प्रकल्पाच्या नोंदी

२३ सप्टेंबर २०२४

धाकट्या बहिणीला आणि मेहुण्यांना पुण्यात स्वतःचे छोटे घर बांधायचे आहे. अख्खा भूखंड घेणे त्यांना परवडणारे नाही, म्हणून कोणाच्या तरी जागेतला काही भाग विकत घेऊन त्यावर बांधायचे, असे घरात ठरले आहे. कागदपत्रांची बाजू मी पाहायची आहे. प्रत्येक निर्णयामागचे कारण त्या दोघांना आणि पुढे त्यांच्या मुलांना लेखी सापडावे, यासाठी या नोंदी ठेवतो आहे.

पहिला प्रस्ताव खडकवासल्याच्या पुढच्या एका गावातला होता. दोन गुंठे जागा, सातबाऱ्यावर अनेकांची सामाईक नावे, जमीन शेती विभागात आणि ताबा नोटरी केलेल्या कागदावर. भाव आकर्षक होता. तरीही तो प्रस्ताव आजच बंद केला. तुकडेबंदी कायद्यानुसार जिल्ह्यात जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे आहे आणि त्याहून लहान तुकड्याचा शेतजमिनीतला व्यवहार मुळातच मनाईत बसतो. मेहुणे शेतकरी नाहीत, त्यामुळे कूळ व शेतजमीन अधिनियमाचे कलम ६३ (शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावरची मनाई) ही दुसरी अडचण होती. सर्वांत मोठी अडचण मात्र तिसरीच होती. सामाईक सातबाऱ्यावर नाव चढले तरी त्यातून मिळतो तो अविभक्त हिस्सा. अमुक कोपऱ्यातले दोन गुंठे आपले, असे सरकारी नकाशा कुठेच म्हणत नाही. ज्या जागेला नकाशावर हद्द नाही, त्या जागेवर बांधकामाची परवानगी मागता येत नाही.

४ ऑक्टोबर २०२४

दुसरा प्रस्ताव कोथरूड परिसरातला आहे. सत्तरच्या दशकातले खासगी रेखांकन (जमिनीचे भूखंड पाडण्याचा आराखडा), ८१६ चौरस मीटरचा भूखंड, समोर ९ मीटर रुंदीचा रस्ता, त्यावर जुना दुमजली बंगला आणि बाकीची जागा मोकळी. मालक दोघे भाऊ आहेत. त्यांना बंगला ठेवायचा आहे आणि मोकळ्या जागेतला भाग विकायचा आहे.

पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारल्या: जागा मालकी हक्काची आहे की भाडेपट्ट्याची आणि ती एखाद्या सहकारी गृहरचना संस्थेची आहे का. पुण्यात हे प्रश्न आधी विचारावेच लागतात. पानशेतच्या १२ जुलै १९६१ च्या पुरानंतर पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या वसाहतींमध्ये मूळ जमीन शासनाची असते, तर बंगल्यांच्या अनेक जुन्या सोसायट्यांमध्ये ती संस्थेची असते आणि सभासदाकडे फक्त भाडेपट्टा असतो. अशा ठिकाणी भूखंडाचा भाग वेगळा करून विकणे शासनाच्या किंवा संस्थेच्या परवानगीवाचून शक्य होत नाही. या भूखंडाची मिळकत पत्रिका (शहरी जागेच्या मालकीचा सरकारी उतारा) पाहिली. धारणाधिकार खासगी मालकीचा आहे.

महापालिकेच्या हद्दीत आणि विकास आराखड्यात निवासी विभागात असल्यामुळे तुकडेबंदीची मनाई या जागेला लागू होत नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा ५ जानेवारी २०१७ रोजी मंजूर झालेला आहे. भूखंडावर आरक्षण किंवा रस्तारुंदीची रेषा नाही ना, हे तोंडी उत्तरावर सोडायचे नाही. झोन दाखल्यासाठी अर्ज करण्यास वास्तुविशारदांना सांगितले आहे.

१४ ऑक्टोबर २०२४

आज वकीलबाईंकडे बैठक झाली. मिळकत पत्रिकेवर दोन भावांची नावे आहेत, पण कुटुंबात एक बहीणही आहे. वडिलांनी १९७४ मध्ये हा भूखंड स्वकमाईतून घेतला होता आणि मृत्युपत्र न करता ते २०११ मध्ये वारले. आई २०१९ मध्ये गेल्या. बहिणीने वडिलांच्या पश्चात शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘माझा हक्क नाही’ असे लिहून दिले आणि त्यावर नोटरी करून घेतली. तेवढ्यावर तिचे नाव लावलेच गेले नाही.

वकीलबाईंनी हा कागद बाजूला ठेवला. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार नोंदवलेलेच हवे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बहिणीचा हिस्सा आजही शाबूत आहे. मुलींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती दुरुस्ती वडिलोपार्जित सहदायकी मालमत्तेबद्दलची होती. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू झाला तेव्हापासूनच वर्ग एकची वारस आहे आणि तिचा वाटा भावांइतकाच आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २२ नुसार वर्ग एकच्या वारसांपैकी कोणी आपला हिस्सा बाहेर विकायला काढला तर इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. तिघांनी मिळून विकले तर हा प्रश्न उरत नाही.

थोरले बंधू म्हणाले, “ताईला काही नको आहे, ती सहीला येईल.” मी त्यांना स्पष्टपणे सांगितले की, सही हवी आहे ती विक्रेती म्हणून. मिळकत पत्रिकेवर आधी वारस म्हणून त्यांचे नाव लागावे, मग खरेदीखतात त्या तिसऱ्या लिहून देणार असाव्यात आणि मोबदल्यातला त्यांचा भाग त्यांच्याच खात्यात जावा. पुढे त्या पैशाचे काय करायचे, हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे. भावांनी हे मान्य केले आणि ताईंनी त्याच संध्याकाळी फोनवर होकार दिला.

२५ ऑक्टोबर २०२४

भूखंड २४ मीटर रुंद आणि ३४ मीटर खोल आहे. भावांच्या मनात मागचा भाग द्यायचा होता: २४ गुणिले १४, म्हणजे ३३६ चौरस मीटर. मागे शांतता आहे आणि झाडेही आहेत. माझ्या बहिणीला तो पाहताक्षणी आवडला. रस्त्यावरून मागे जायला बंगल्याच्या कडेने तीन मीटरची वाट ‘वापरायला’ द्यायची, असे भावांचे म्हणणे होते.

या वाटेवर आज बराच वेळ चर्चा झाली, कारण भाग विकत घेण्याच्या व्यवहारात सर्वाधिक भांडणे इथेच उगवतात. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क हा सुविधाधिकार आहे. तो भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ खाली येतो. एका मालकाच्या जमिनीचे दोन भाग झाले आणि एका भागाला दुसरी वाटच उरली नाही, तर कलम १३ नुसार गरजेपोटी वाटेचा हक्क निर्माण होतो, पण तो गरज असेपर्यंतच टिकतो. खरेदीखतात स्पष्ट लिहून घेतलेला वाटेचा हक्क त्यापेक्षा भक्कम असतो. तरीही वाटेची जमीन विक्रेत्यांचीच राहते. उद्या त्यांनी बंगला विकसकाला दिला तर आपला हक्क त्यांच्या नकाशात बसवून घेण्यासाठी झगडावे लागते. वाहन उभे करणे, जलवाहिनी टाकणे, फरशी उखडणे यांपैकी काय चालेल आणि काय नाही, हे प्रत्येक वेळी त्या एका परिच्छेदाच्या अर्थावर ठरते.

वास्तुविशारदांचा आक्षेप आणखी मूलभूत होता. महापालिका परवानगी देते ती पोहोचरस्त्याची रुंदी पाहून, आणि दोन खासगी व्यक्तींमधल्या करारातली तीन मीटरची वाट म्हणजे ९ मीटरचा रस्ता नव्हे. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०२० मध्ये बांधता येणारे क्षेत्र रस्त्याच्या रुंदीशी जोडलेले आहे. आपल्या भागाचा मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) १.१० आहे, ९ ते १२ मीटर रुंदीच्या रस्त्यावर अधिमूल्य भरून ०.५० आणि टीडीआर (दुसरीकडचा बांधकामाचा हक्क विकत) घेऊन ०.४० अशी भर घालता येते. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर ही भर मिळत नाही. बहिणीला आज तेवढे बांधायचे नाही, हे खरे. पण जागेचा तो गुण एकदा गेला की परत आणता येत नाही.

म्हणून विभागणीची रेषा आडवी न टाकता उभी टाकायचे ठरले. पश्चिमेची १० मीटर रुंदीची पट्टी, रस्त्यापासून मागच्या कुंपणापर्यंत, ३४० चौरस मीटर. दोन्ही भागांना रस्त्यावर स्वतःचे तोंड राहील आणि वाटेचा प्रश्न मुळातून संपेल. बहिणीला मागच्या झाडांचा मोह सोडवत नव्हता. पण मेहुण्यांनी “घराचं दार आपल्याच जमिनीवरून रस्त्याला लागलं पाहिजे” असे म्हटल्यावर तीही तयार झाली.

११ नोव्हेंबर २०२४

मूळ अकृषिक आदेशाची (जमीन बिगरशेती वापराला देणाऱ्या आदेशाची) प्रत मिळाली. त्यात परवानगीशिवाय भूखंडाची पोटविभागणी करू नये, अशी अट आहे. जुन्या अकृषिक आदेशांमध्ये ही अट नेहमीच असते आणि बहुतेक जण आदेशाचे पहिले पान वाचून थांबतात, त्यामुळे ती नजरेतून सुटते. वकीलबाईंच्या सल्ल्यानुसार विभागणीच्या प्रस्तावातच हा आदेश जोडायचा आणि मंजुरीनंतर तिची प्रत महसूल कार्यालयाला देऊन आकारणी दोन्ही भागांवर विभागून घ्यायची आहे.

१९७४ च्या खरेदीखतातही एक भूखंड, एकच घर अशी काही अट आहे का, हे पाहिले. तशी अट नाही. रेखांकन टाकणाऱ्या जुन्या मालकांनी काही ठिकाणी अशा अटी घातलेल्या असतात, म्हणून दस्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या साक्षीदाराच्या सहीपर्यंत वाचून काढला.

शोध अहवालाचे (मालकी आणि बोजे तपासणाऱ्या अहवालाचे) काम चालू आहे. सूची क्रमांक दोनच्या (नोंदलेल्या दस्तांच्या सरकारी सूचीच्या) नोंदींबरोबरच प्रलंबित दाव्याची नोटीस नोंदवली गेली आहे का, हेही पाहायला सांगितले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५२ महाराष्ट्रात दुरुस्त झालेले आहे. दाव्याची नोटीस नोंदवली असेल तरच त्या कलमाचा परिणाम नंतरच्या खरेदीदारावर होतो. दस्त ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना नोंदणी अधिनियमाच्या कलम ८९ब खाली दाखल करावी लागते, तीही तपासायची आहे. शिवाय मूळ दस्त प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचा; छायाप्रतीवर समाधान मानायचे नाही. मूळ दस्त तारण पडलेला असेल तर छायाप्रतीवरून ते कळत नाही.

दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली.

२ डिसेंबर २०२४

नोटिशीची मुदत संपली. बोजा किंवा दावा आढळला नाही. एकच पत्र आले, ते पश्चिमेच्या शेजाऱ्यांचे: त्यांची कुंपणाची भिंत फार जुनी आहे आणि ती त्यांच्याच हद्दीत आहे, असे त्यांनी कळवले आहे. कोणी न विचारता आलेले हे उत्तर असल्यामुळे मोजणी आता अधिकच आवश्यक झाली. नगर भूमापन कार्यालयात तिन्ही वारसांच्या सहीने अर्ज दिला. ताईंचे नाव मिळकत पत्रिकेवर लागले आहे.

९ जानेवारी २०२५

आज मोजणी झाली. शेजाऱ्यांना रीतसर नोटीस गेली होती आणि ते स्वतः उपस्थित होते. भूकरमापकांनी आग्नेय कोपऱ्यातला जुना हद्दीचा दगड आधी शोधला. मातीत बुडालेला होता, तो खुरप्याने मोकळा केल्यावरच पुढचे वाचन सुरू झाले. पश्चिमेला फूटपट्टीभरही नाही अशा अंतराने गोष्ट बदलली: शेजाऱ्यांची भिंत रेकॉर्डच्या हद्दीपासून २० सेंमी आत आहे, आणि ती पूर्ण ३४ मीटर लांबीभर. म्हणजे ६.८ चौरस मीटर जागा भिंतीपलीकडे आहे आणि प्रत्यक्ष रुंदी २३.८ मीटर भरते. क्षेत्र ८०९.२ चौरस मीटर झाले.

ही पट्टी आपल्याच भागाच्या बाजूची आहे. भिंत काढायला लावण्याचा दावा करता येईल का, असे मेहुण्यांनी विचारले. मुदत अधिनियमानुसार स्थावर मालमत्तेच्या ताब्याच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत आहे आणि ही भिंत त्याहून कितीतरी जुनी असल्याचे शेजाऱ्यांच्या घराच्या मंजूर नकाशावरूनच दिसते आहे. वीस सेंटिमीटरसाठी शेजाऱ्यांशी कोर्टात उभे राहून त्यांच्याच शेजारी घर बांधणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी किंमत मोजणीत निघालेल्या प्रत्यक्ष क्षेत्रावर ठरवायची आणि चतुःसीमा लिहिताना पश्चिमेची हद्द प्रत्यक्ष भिंतीची धरायची, असे सुचवले. विक्रेत्यांनी ते मान्य केले.

१६ जानेवारी २०२५

ही नोंद सविस्तर करतो, कारण या व्यवहारातला खरा कायदेशीर पेच इथे आहे.

भाग विकत घेणारा माणूस स्वाभाविकपणे आपल्याकडे येणाऱ्या भागाचा विचार करतो: मालकी स्वच्छ आहे का, किती बांधता येईल, पाणी कुठून येईल. विक्रेत्याकडे उरणारा भाग हा त्याला त्याचा प्रश्न वाटत नाही. प्रत्यक्षात विभागणी मंजूर करताना महापालिका दोन्ही भाग तपासते. रेषा टाकल्यानंतर जुना बंगला त्याच्या नव्या, लहान भूखंडावर नियमात बसला पाहिजे. तो बसत नसेल तर विभागणी मंजूर होत नाही, आणि विभागणी नसेल तर आपण घेतलेला भाग हा बंगल्याचे मोकळे अंगण एवढाच राहतो, खरेदीखत कितीही सुबक असो.

वास्तुविशारदांनी १९७६ चा मंजूर नकाशा आणि आजची मोजणी एकावर एक ठेवून पाहिली. तीन गोष्टी निघाल्या.

बंगल्याच्या पश्चिमेची, म्हणजे स्वयंपाकघराची, भिंत पूर्वेच्या हद्दीपासून १३.१ मीटरवर आहे. रेषा १४ मीटरवर टाकली तर भिंत आणि नवी हद्द यांच्यात ९० सेंमी उरतात. तेवढ्यात सामासिक अंतर (इमारत आणि हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा) भागत नाही. रेषा ६० सेंमी पश्चिमेला सरकवून १४.६ मीटरवर न्यावी लागली. बंगल्याकडे ४९६.४ चौरस मीटर राहतील आणि आपल्याकडे ९.२ गुणिले ३४, म्हणजे ३१२.८ चौरस मीटर येतील. सुरुवातीला बोलल्या गेलेल्या ३४० पासून हे क्षेत्र बरेच कमी झाले आहे. बहीण थोडी हिरमुसली, पण घराचा आराखडा ९.२ मीटरच्या रुंदीत नीट बसतो हे तिने स्वतः कागदावर पाहिले.

दुसरी गोष्ट एफएसआयची. बंगल्याचे बांधीव क्षेत्र २८८ चौरस मीटर आहे. उरणाऱ्या भूखंडावर १.१० ने ५४६ चौरस मीटर बसतात, म्हणजे बंगला त्याच्या स्वतःच्या जमिनीवर पुरेसा मोकळा आहे आणि आपल्या भागावरचे ३४४ चौरस मीटर अबाधित राहतात. हे गणित नेहमी असे सुटत नाही. जिथे जुन्या इमारतीने सगळ्या भूखंडाचा एफएसआय आधीच वापरलेला असतो, तिथे मोकळी दिसणारी जागा कायद्याच्या हिशेबात रिकामी नसते; तिच्यावरचे बांधकाम शेजारच्या इमारतीत केव्हाच उभे राहिलेले असते. अशी जागा पुण्यातल्या जुन्या पेठांलगत आणि उपनगरांत विकायला असते आणि घेणारे तिची बाजारभावाने किंमत मोजतात. याचे मला फार वाईट वाटते, कारण मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र महापालिकेकडून मागवून हा धोका आधीच टाळता येतो.

तिसरी गोष्ट पत्र्याच्या शेडची. पश्चिमेच्या पट्टीत मागे एक शेड आहे, तिची मंजुरी नाही. बंगल्याची एक बाल्कनीही नंतर बंद केलेली आहे. विक्रेत्यांचे अनधिकृत बांधकाम म्हणजे विभागणीच्या अर्जातली त्रुटी, म्हणून शेड काढणे आणि बाल्कनी नियमित करून घेणे ही विक्रेत्यांची जबाबदारी साठेखतात (खरेदीआधीच्या विक्री-करारात) लिहायची आहे.

३० जानेवारी २०२५

साठेखत आज नोंदवले. काही कलमांची कारणे लिहून ठेवतो.

व्यवहार विभागणीच्या मंजुरीवर आणि स्वतंत्र मिळकत पत्रिकेवर अवलंबून आहे. ठरलेल्या मुदतीत दोन्ही मिळाले नाहीत तर बयाणा पूर्ण परत द्यायचा आहे. साठेखताने मालकी मिळत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ मध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. म्हणून बयाणा लहान ठेवला आणि ताबा घेतला नाही. विभागणी आधी आणि खरेदी नंतर हा क्रम विक्रेत्यांना लांबण लावणारा वाटला. परंतु खरेदी आधी झाली असती तर अर्जावर सह्या करण्यात विक्रेत्यांना काही स्वारस्य उरले नसते.

जमिनीखालच्या गोष्टी स्वतंत्र कलमात घेतल्या. बंगल्याची सांडपाण्याची वाहिनी आणि दोन चेंबर आपल्या पट्टीतून जातात, कूपनलिकाही इथेच आहे आणि बंगल्याला तिचे पाणी जाते. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १३ नुसार जमिनीचा भाग विकला गेला की जे उपभोग उघड, अखंड आणि गरजेचे होते, ते दस्तात वेगळे काही म्हटले नसेल तर तसेच चालू राहतात, आणि हा लाभ विक्रेत्यालाही मिळतो. म्हणजे आपण गप्प राहिलो असतो तर त्यांची वाहिनी कायमची आपल्या जोत्याखाली राहिली असती. वाहिनी त्यांनी स्वखर्चाने पूर्वेला हलवायची, कूपनलिका आपली, आणि त्यांची नवी कूपनलिका होईपर्यंत ठरावीक महिने पाणी त्यांना द्यायचे, असे लिहिले. स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या खिडकीला आपल्या जागेवरून उजेड-वाऱ्याचा हक्क राहणार नाही, हेही लिहिले. थोरल्या वहिनींना ते कलम बोचले. आम्ही त्यांना घराचा आराखडा दाखवला. त्या खिडकीसमोर आपले बांधकाम हद्दीपासून अंतर ठेवूनच येणार आहे.

मूळ दस्त कोणाकडे राहणार, हा प्रश्न गृहकर्जामुळे आला. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५(३) नुसार विक्रेत्याने मालमत्तेचा काही भाग स्वतःकडे ठेवला असेल तर मूळ दस्त त्याच्याकडेच राहतात. मात्र ते सुरक्षित ठेवणे आणि खरेदीदाराने वाजवी कारणाने मागितले तर त्याच्या खर्चाने दाखवणे व खऱ्या प्रती देणे त्याच्यावर बंधनकारक असते. बँक तर मूळ दस्त मागते. हे कलम साठेखतात शब्दशः घेतले, प्रमाणित प्रती काढल्या आणि बँकेच्या वकिलांकडून यावर संमती आधीच घेतली.

२० फेब्रुवारी २०२५

विभागणीचा प्रस्ताव महापालिकेच्या बांधकाम विकास विभागात दाखल झाला. अर्जदार तिघे मालक आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २(७) मधील ‘विकास’ या व्याख्येतच जमिनीची पोटविभागणी येते, त्यामुळे एक वीटही न रचता नुसती रेषा टाकायलाही परवानगी लागते. भूखंड लहान असल्यामुळे खुल्या जागेची दहा टक्के तरतूद इथे येत नाही. ती ४००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जागांसाठी आहे.

शेड काढली गेली आहे.

१७ एप्रिल २०२५

मंजुरी मिळाली. मध्यंतरी एक त्रुटीपत्र आले होते, बाल्कनीबाबत; ती नियमित झाल्यावर अडथळा उरला नाही. मंजूर नकाशावर भाग ‘अ’ आणि भाग ‘ब’ अशी अक्षरे आणि दोन्हींची क्षेत्रे शिक्क्यासह आहेत.

१२ जून २०२५

नगर भूमापन कार्यालयाने मंजूर नकाशानुसार पोटविभागणीची मोजणी करून दोन स्वतंत्र मिळकत पत्रिका दिल्या. भाग ‘ब’चे क्षेत्र ३१२.८ चौरस मीटर नोंदले गेले आहे. आता ही जागा सरकारी दप्तरात वेगळी उभी आहे, आणि खरेदीखत याच पत्रिकेच्या क्रमांकावर होईल.

२७ जून २०२५

खरेदीखत नोंदवले. मुद्रांक शुल्क पुणे महापालिका हद्दीत एकूण ७ टक्के पडले: ५ टक्के मूळ शुल्क, १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार आणि १ टक्का मेट्रोचा. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. वार्षिक मूल्यदर तक्ता १ एप्रिल २०२५ पासून बदलला असल्यामुळे बाजारमूल्य नव्या दराने काढले. ठरलेली किंमत त्याहून जास्त होती, म्हणून शुल्क किमतीवरच भरले.

आयकर अधिनियमाच्या कलम १९४-आयए खालची करकपातही आजच उरकली. तिघा विक्रेत्यांपैकी प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत येतो म्हणून कपात नको, असे धाकट्या बंधूंच्या सल्लागारांचे म्हणणे होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व विक्रेत्यांना मिळणारी एकूण रक्कम एकत्र धरायची आहे आणि ती ५० लाखांच्या वर जाते, म्हणून प्रत्येकाच्या रकमेतून १ टक्का कापला. खरेदीदार दोघे आणि विक्रेते तिघे असल्यामुळे प्रत्येक जोडीचा फॉर्म २६क्यूबी वेगळा भरावा लागला.

ताईंच्या रकमेचा धनादेश त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला.

२२ जुलै २०२५

खरेदीखताची नोंद मिळकत पत्रिकेवर लागली. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार दिलेल्या पंधरा दिवसांच्या नोटिशीला कोणाची हरकत आली नाही. मिळकतकराची वेगळी आकारणी करून घेण्यासाठी अर्ज दिला; बंगल्याची जुनी थकबाकी आपल्या भागावर येऊ नये म्हणून थकबाकी नसल्याचा दाखला खरेदीआधीच घेतलेला होता.

बांधकामाचा प्रस्ताव काल दाखल झाला. पट्टीच्या पुढच्या भागात एक मोठे आंब्याचे झाड आहे, अंदाजे पन्नास वर्षांहून जुने. महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमातील २०२१ च्या दुरुस्तीने अशा वयाच्या झाडांना विशेष संरक्षण दिले आहे, त्यामुळे आराखडा झाडाभोवती वळवला आहे आणि समोरचे अंतर नियमापेक्षा जास्त सोडले आहे.

प्रारंभ दाखला (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) एक वर्ष वैध राहतो आणि मुदतवाढ घेत घेत एकूण चार वर्षांपर्यंत चालतो. बांधकाम पावसाळा संपल्यावर सुरू करायचे आहे, म्हणून ठेकेदाराच्या करारात कामाची सुरुवात दाखल्याच्या तारखेशी जोडली आहे. जोत्याची आखणी करण्यापूर्वी सांडपाण्याची वाहिनी पूर्वेला हलल्याचे विक्रेत्यांकडून लेखी घ्यायचे आहे आणि दोन्ही चेंबरची जागा उघडून पाहायची आहे.